खोली ओलांडता येते का?

गुरुवार, रात्र

देवनारहून निघायला उशीर झाला. दिवसभर अमेरिकेच्या एचआरएसचा (हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी) आणि आपल्या लासीचा डेटा शेजारी ठेवून बसले होते. दोन्ही उतारवयातल्या माणसांच्या मोठ्या पाहण्या. एचआरएस १९९२ पासून चालू आहे. लासीची पहिली फेरी २०१७-१८ची, पंचेचाळिशीपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची. प्रश्न मुद्दाम जुळते ठेवलेत, म्हणून तर तुलना करता येते. त्यातलाच एक : खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना त्रास होतो का?

हाच प्रश्न परवा वरळीला बीडीडी चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचारला होता. खोली १६० चौरस फुटांची. पलंग, कपाट, नातवाचं टेबल, मधे चार पावलांची वाट. "चालते की! न चालायला काय झालं?" झालं, माझ्या फॉर्मवर 'त्रास नाही'. मग चहा पिता पिता कळलं, खाली शेवटचं उतरणं गणपतीत. संडास खोलीबाहेर, सामायिक. तिथवर जाताना भिंत धरून दोनदा थांबावं लागतं. रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर त्या पाणीच पीत नाहीत.

हे ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तहान मारून राहिलेली बाई माझ्या तक्त्यात ठणठणीत दिसते.

शेजारच्या आजोबांचं उलट. स्वतःपुरता स्वयंपाक जमतो का? "ही असताना मी कशाला करू?" एचआरएसमध्ये 'करता येत नाही' आणि 'करत नाही' अशी उत्तरं वेगळी नोंदवतात. ती एकत्र केली, तर आपल्याकडचे निम्मे पुरुष उगाच परावलंबी ठरतील.

बीपीचंही तसंच. बीपीचा त्रास आहे का विचारलं, तर ज्याने कधी तपासलंच नाही, तो 'नाही' म्हणणार. म्हणून लासीत प्रत्यक्ष मशीन लावून मोजलंय, ते फार बरं केलं. पण मोजमापालाही रेषा लागते. आजींची हाताची पकड १७ किलो भरली. आशियाई निकषाने बायकांमध्ये १८च्या खाली म्हणजे अशक्त. युरोपच्या निकषाने १६च्या खाली. म्हणजे त्याच आजी इथे अशक्त आणि तिकडे ठीक!

तरीही तुलना सोडून द्यावी, असं मला मुळीच वाटत नाही. इतर देशांत म्हाताऱ्या माणसांना काय मिळतं हे समोर ठेवल्याशिवाय आपण इथे काही मागूच शकणार नाही. फक्त ती ज्या घरात राहतात, ते घर हिशेबात यायला हवं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे आणि सामायिक संडास वापरणारे, असा वेगळा गट करून बघायचं ठरवलंय. गाईड म्हणतात, सॅम्पल लहान पडेल. पडेलही. सोमवारच्या मीटिंगमध्ये आजींचं पाणी न पिणं आधी सांगणार आहे, आकडे नंतर.