हतनूर ते चांगदेव, जुन्या शिडाच्या होडीतून: बुडातल्या पाण्याचा हिशेब

कोकणातला नावाडी होडीच्या बुडातलं पाणी जिभेला लावून बघतो. खारट लागलं तर समुद्राचं, गोड लागलं तर पावसाचं. तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर ही युक्ती कामाची नाही. जलाशय, पाऊस आणि उलटलेली पाण्याची बाटली, सगळ्यांची चव एकच. त्यामुळे तापीवर जुनी होडी घेऊन येणाऱ्याने गळती शोधायला चवीऐवजी मोजमाप वापरावं.

होडी 16 फुटी, फायबरची, मधोमध वर-खाली होणारा सेंटरबोर्ड, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून बुडाखाली पाण्यात उतरवायची फळी असलेली. काठापासून चांगदेवच्या बाजूला तापी-पूर्णा संगमाकडे जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं, एवढाच बेत. हंगाम हिवाळ्याचा. पावसाळ्यात धरणाचे 41 दरवाजे कधी उघडतील याचा भरवसा नसतो, तेव्हा शीड घेऊन जाऊच नये. इतर वेळीही भिंतीपासून लांब राहावं आणि जलसंपदा विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उथळ पाण्यात थव्याने बसतात; त्या बाजूला होडी वळवू नये.

पाण्यात उतरवण्याआधी ट्रेलरवरच पायाखालच्या फळ्या काढल्या, बिल्ज म्हणजे त्याखालची खोलगट जागा स्पंजाने पुसून कापडाने कोरडी केली आणि आतून सगळीकडे खडूची पूड भुरभुरली. पाणी जिथून येतं तिथे क्वचितच साचतं. ते आतल्या पट्ट्यांच्या कडेने सरकत सगळ्यात खोल जागी जातं. पुडीवर त्याची वाट उमटते. ती ओल उलट दिशेने वर शोधत जायची.

पहिला अर्धा तास होडी काठाला बांधून नुसती तरंगत ठेवली. ही पायरी टाळू नका. स्पंज पिळून मापाच्या मगात मोजलं: 200 मिली. पुडीतली रेघ सेंटरबोर्डच्या पेटीच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली, म्हणजे बोर्ड ज्या बोल्टवर फिरतो त्याचा रबरी वॉशर गेलेला.

मग शीड चढवलं. वारा डाव्या अंगाने, होडी उजवीकडे कललेली. दीड तासात उजव्या कुशीत 6 लिटर पाणी. परतताना वारा उजव्या अंगाने आला, होडी डावीकडे कलली आणि तेवढ्याच वेळात जेमतेम 600 मिली, म्हणजे नुसत्या बोल्टच्या गळतीएवढंच. निष्कर्ष सरळ आहे. उरलेले साडेपाच-एक लिटर उजव्या बाजूने, पाण्याच्या रेषेच्या वरून येत होते. होडी कलली की ती जागा पाण्याखाली जाते. पुडीतली ओल डेक आणि बुडाच्या सांध्यापाशी, रबराच्या पट्टीच्या तीन सैल स्क्रूंपर्यंत पोचली. होडी नुसती बांधून ठेवूनच तपासली असती तर ही जागा कधीच सापडली नसती.

मध्यभागी बसवलेला 12 व्होल्टचा पंप या 6 लिटरपुढे निरुपयोगी ठरला. होडी कललेली असताना पाणी कुशीत आणि पंप कोरडा, नुसती हवा ओढणारा. अशा वेळी शीड सैल सोडून होडी सपाट करा, मग पंप लावा. नाहीतर तेलाचा 5 लिटरचा प्लास्टिक डबा तिरका कापून त्याने उपसा. पाणी साचू दिलं तर 20 लिटर म्हणजे 20 किलो, आणि तेही कलेल त्या बाजूला धावणारं वजन. वाऱ्याच्या झोताला होडी उलटायला ते मदत करतं.

पंपावर ताशी 500 गॅलन, म्हणजे साधारण 1900 लिटर लिहिलेलं असतं. ते पाणी वर न चढवता मिळणारं माप. नळी वर नेली, आतून खाचांची वापरली, बॅटरी उतरली की प्रत्यक्षात निम्मंही मिळेल याची खात्री नाही. आतून गुळगुळीत नळी घ्या आणि बाहेर काढण्याआधी तिला पाण्याच्या रेषेच्या बरंच वर एक वळसा द्या, नाहीतर पंप बंद झाल्यावर जलाशयच आत यायला लागतो. 25 मिमीच्या नळीत मीटरला अर्धा लिटर पाणी उरतं. दोन मीटर नळी असेल तर पंप थांबताच लिटरभर परत येतं, आणि नवखा माणूस ते गळतीत धरतो. तापीचा काळा गाळ जाळीत बसतो. प्रत्येक फेरीनंतर जाळी काढून धुवा, बिल्जच्या आडव्या पट्ट्यांमधली भोकंही तारेने मोकळी करा.

रावेर-मुक्ताईनगरकडे कुठल्याही दुकानात ठिबकची 16 मिमी नळी मिळते. होडी ट्रेलरवर असताना तिने सायफन लावून बूड रिकामं करता येतं. तरंगत्या होडीत मात्र कधीच लावू नका: बिल्ज पाण्याच्या पातळीच्या खाली असतं, त्यामुळे सायफन उलटा चालतो. बॅटरीवरचा फवारणी पंप तळातलं शेवटचं बोटभर पाणी छान ओढतो, पण औषध मारलेला नको. जलाशयाचं पाणी भुसावळ परिसरात पिण्यासाठी जातं. म्हणूनच बिल्जमध्ये तेल किंवा पेट्रोलची तवंग दिसली तर पंप लावू नका. कापडाने टिपून पिशवीत घालून घरी न्या.

दुरुस्ती. बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे रबरी आणि स्टीलचे वॉशर. सांध्याचे स्क्रू काढून भोक साफ करायचं, कडा किंचित तासायची, पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. स्क्रू आधी अर्धवटच आवळा, सीलंट धरल्यावर पाव फेरा आणखी. पहिल्यांदाच पूर्ण आवळलं तर सगळं सीलंट बाहेर पिळून जातं. सिलिकॉन लावू नका. त्यावर नंतर रंग धरत नाही. काठावर वेळ मारून न्यायला एम-सील चालतं, तेवढ्यापुरतंच.

होडी बुडू नये म्हणून आत बंद हवापेट्या असतील तर त्याही तपासा. सांध्यांना साबणाचं पाणी लावून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरायची, बुडबुडे आले तिथे गळती. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, पेटी फुटेल.

लाकडी होडी असेल तर आपला मे महिना हाच मोठा शत्रू. 45 अंशांत काठावर पडून फळ्या आक्रसतात, फटी उघडतात आणि पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळते. घाईने फटीत कडक पुट्टी कोंबली तर लाकूड फुगल्यावर फळीच उचकटते. दोन-तीन दिवस उथळ पाण्यात बांधून ठेवा, पोतं भिजवून आतून पसरा. त्यानंतरही गळेल त्याच फटीत पिळलेला कापूस भरा. खानदेशात त्याची वाण नाही.

पावसाचा हिशेब वेगळा. उघड्या 2 चौरस मीटरवर 50 मिमी पडला की 100 लिटर आत. म्हणून काठावर होडीचं नाक वर, मागचं बूच उघडं. ते बूच लावायला विसरलं आणि 12 मिमीचं भोक पाण्याखाली 15 सेंटिमीटर असलं, तर मिनिटाला साधारण 7 लिटर येतं, दीड मिनिटात बादली. बूच सुतळीने सुकाणूच्या दांड्याला बांधून ठेवा.