पुण्यात खायचं तर घड्याळ बघून

पुण्यात बाहेर खायला निघालेल्या कुणीही मला विचारलं की चांगलं कुठे मिळेल, तर माझं उत्तर हल्ली ठरलेलं आहे, कुठे ते नंतर बघू, आधी किती वाजता जाणार ते सांग. पेठांपासून कॅम्पपर्यंत आणि आता बाणेर-बालेवाडीपर्यंत खात फिरून माझं पक्कं मत झालंय की इथल्या प्रत्येक चांगल्या जागेची स्वतःची एक वेळ आहे, ती साधली तर खाणं म्हणजे सुख, आणि नाही साधली तर तोच पदार्थ खाताना माणूस विचार करतो की लोक एवढं काय कौतुक करतात याचं. रेटिंग बघून हे कळत नाही. स्टार सकाळी आठलाही तेवढेच आणि दुपारी तीनलाही तेवढेच.

मिसळीचंच घ्या. मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे आणि याला कारण आहे, नुसती सवय नाही. सकाळच्या पहिल्या उकळीचा रस्सा पातळ असला तरी त्याला मसाल्याचा ताजा वास असतो, तर्री वर वेगळी तरंगत असते, मटकी अजून दाताखाली लागते. तेच पातेलं गॅसवर चार तास राहिलं की रस्सा आटतो, मग त्यात पाणी पडतं, मग परत आटतो, आणि एकच्या सुमारास जे वाटीत येतं त्यात तिखट तेवढं उरलेलं असतं, चव गेलेली असते. म्हणून मी मिसळ खायची तर दहाच्या आत. नारायण पेठेत बेडेकरांकडे रविवारी सकाळी बाहेर लाईन असते, टेबल अनोळखी लोकांबरोबर शेअर करावं लागतं, आणि मिळते ती गोडसर रश्श्याची, पोहे घातलेली मिसळ, सोबत पाव नव्हे, स्लाइस ब्रेड. कोल्हापूरकडचे मित्र याला मिसळ म्हणायलाच तयार नसतात, त्यांना मी कर्वे रोडला काटा किर्रला नेतो, तिथे त्यांचं समाधान होतं आणि माझंही होतं. मला दोन्ही आवडतात. बेडेकरांच्या रश्श्यात ब्रेड बुडवला की तो लगेच रस पितो आणि जिभेवर विरघळतो, झणझणीत कोल्हापुरी रश्श्याला मात्र पावाचा जाड गर लागतो, एवढा साधा हिशोब आहे.

वैशालीला जायचं तर सकाळी, सात-साडेसातला, फर्ग्युसन रोड अजून मोकळा असतो तेव्हा. मागच्या बाजूला झाडांखाली बसायचं, शेजारच्या टेबलवर वॉक करून आलेले आजोबा लोक असतात, रोजचेच, वेटरला ऑर्डर सांगावीसुद्धा लागत नाही त्यांना. इडली, सांबार, फिल्टर कॉफी. जगन्नाथ शेट्टींनी हे हॉटेल उभं केलं, पूर्वी याचं नाव मद्रास हेल्थ होम होतं, शेट्टी २०२३ मध्ये गेले तेव्हा पुण्यातल्या कितीतरी लोकांनी स्वतःच्या घरातलं माणूस गेल्यासारखं लिहिलं होतं आणि मला ते अगदी समजू शकलं, कारण या शहरातल्या दोन-तीन पिढ्यांच्या मैत्र्या आणि लग्नं तिथल्या टेबलांवर ठरली आहेत. संध्याकाळी गेलात तर मात्र इडली नको, एसपीडीपी घ्या. शेव बटाटा दही पुरी. ती टेबलवर आली की फोटो वगैरे काढत बसू नका कारण दह्याखालची पुरी कडक राहते ती जेमतेम दोन-तीन मिनिटं. पहिली पुरी उचलून अख्खी तोंडात टाकायची, आधी थंड दही लागतं, मग चटणीचा आंबटगोडपणा, आणि मग पुरी फुटते आणि आतला बटाटा येतो. शेवटची पुरी उचलेपर्यंत खालून मऊ झालेली असते, ती चमच्यानेच खावी लागते, आणि खरं सांगू का मला ती शेवटची सगळ्यात जास्त आवडते.

डेक्कनला कॅफे गुडलक १९३५ पासून आहे, तिथे बन मस्का आणि चहा कधीही चालतो, तो एक अपवाद. खिमा पाव मात्र सकाळचाच.

थाळीचं गणित सगळ्यात कडक आहे. टिळक रोडची बादशाही १९३२ ची, तिथे किंवा आपटे रोडला श्रेयसला किंवा टिळक रोडलाच दुर्वांकुरला, कुठेही जा, साडेबारा म्हणजे साडेबारा. त्या वेळी पोळी तव्यावरून थेट ताटात येते, वाढपी काका हातात पोळ्यांची चवड घेऊन फिरत असतात आणि तुमच्या ताटाकडे बघूनच त्यांना कळतं की अर्धी घालायची की अख्खी. अळूची भाजी असेल त्या दिवशी मी पोळी कमी खातो आणि भात वाढवतो. पहिल्या वाफेचा भात, त्यावर गोडं वरण, तूप, लिंबू, एवढ्यावर माझं जेवण होऊ शकतं. मागे एकदा शेजारी बसलेल्या एका आजींनी मला ताक भातावर घेताना बघून सांगितलं, "अरे बाळा, आधी मीठ घाल भातावर, मग ताक घे, मग कालव." तेव्हापासून मी तसंच करतो आणि खरंच फरक पडतो. दोन वाजता गेलात तर भाजी तीच असते पण कोशिंबिरीला पाणी सुटलेलं असतं आणि पोळी वातड झालेली असते. आणि यातल्या काही जागा रविवारी संध्याकाळी बंद असतात हे पाहुण्यांना घेऊन निघण्याआधी लक्षात ठेवा.

आता एक ते चार, म्हणजे दुपारी दुकानं बंद ठेवायची पुणेरी वेळ. यावरून पुण्याला फार बोलतात लोक. मला ते पटत नाही. पहाटे उठून भट्टी पेटवणारा माणूस, सकाळपासून उभा असलेला तळणारा माणूस, त्याने दुपारी जेवून आडवं व्हायचं नाही का? ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी १९५५ पासून आहे, दुपारी बंद असते, आणि तरी श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक सकाळी जाऊन लाईनीत उभे राहतातच. जिथे माणसं विश्रांती घेतात तिथला संध्याकाळचा घाणा ताजा असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

याच्या उलट अनुभव बाणेरकडच्या एका मोठ्या हॉटेलात आला, नाव नको. ऑफिसच्या लोकांबरोबर, रात्री पावणेअकराला. मेन्यू कार्ड म्हणजे पुस्तकच होतं, पंजाबी, चायनीज, पिझ्झा, सिझलर, सगळं. आम्ही तीन वेगवेगळ्या पनीरच्या भाज्या मागवल्या आणि तिन्ही चाखल्या तर लाल ग्रेव्हीच ती, एकीत क्रीम जास्त, एकीत सिमला मिरची, एकीत काजू वर पेरलेले. मोठ्या मेन्यूचं किचन असंच चालतं, लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या सकाळी करून ठेवायच्या आणि ऑर्डर आली की त्यात पनीर नाहीतर चिकन ढकलायचं. पद्धत वाईट नाही, चांगल्या आचाऱ्याच्या हातात त्यातूनही चव निघते, पण रात्री अकराला सकाळची ग्रेव्ही काय चव देणार. नान तर चिवट. बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला होता, तो आम्ही काढायला लावला, मॅनेजरने चेहरा पाडून का होईना काढला.

बिर्याणी माझ्यासाठी दुपारचीच. कॅम्पात दोराबजी अँड सन्सकडे, १८७८ ची जागा, साधी टेबलं, मटण बिर्याणी घ्यायची आणि घाई करायची नाही. बिर्याणीचं भांडं उघडल्यावर पहिल्या तासाभरात जो सुटा भात मिळतो तो नंतर मिळत नाही, पुन्हा पुन्हा पळी घालून शितं मोडतात. सोबतीला कुणी हळू जेवणारा असेल तर उत्तम.

आणि रात्री जेवण झाल्यावर सदाशिव पेठेत मस्तानी. निंबाळकर तालमीपाशी सुजाताच्या दारात उभं राहून, चमच्याने आधी वरचं आईस्क्रीम अर्धं खायचं, उरलेलं दुधात विरघळू द्यायचं. उन्हाळ्यात आंब्याची, इतर वेळी मी सीताफळाची शोधतो.

वेळ म्हणजे फक्त घड्याळातली पण नाही म्हणा. आखाडात मटणाच्या खानावळींत जी गर्दी आणि जो उत्साह असतो तो एकदा बघावा, श्रावण लागला की तिथेच टेबल लगेच मिळतं पण मजा येत नाही. आमरसाचंही तसंच आहे. डायनिंग हॉलवाले आमरस-पुरीची पाटी लवकर लावतात, पण मला मे महिन्यातलाच हवा, आंबा स्वस्त झालेला असतो, रसात हात आखडत नाहीत आणि बाटलीतल्या पल्पची शंका राहत नाही. पुरी टम्म फुगलेली यायला हवी, रस थंड पण बर्फासारखा गार नको, वर चिमूटभर मिरपूड आणि तुपाचा थेंब. यंदा आईला घेऊन जायचंय, मधल्या वारी, बाराला पाच कमी असताना दारात, म्हणजे पहिल्याच पंगतीला जागा मिळेल.