टाकळीभानच्या अलीकडे

नेवाशात ज्ञानेश्वरांच्या पैसाच्या खांबाचं दर्शन घेऊन काही जण परतले, चहा झाला, प्रवरेचा पूल ओलांडला आणि आमची ख्रिस्ती दिंडी हरेगावच्या यात्रेच्या वाटेला लागली. मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, गाडी पुढे, तिच्यामागे टाळ-मृदंगवाले, मग बायका, आणि सगळ्यात शेवटी औषधांची पेटी घेऊन मी. पेटीवाल्याला वाट पायांवरून आठवते. मुक्कामाच्या शाळा एकमेकींत मिसळून जातात, पण कुणाची टाच कुठे फुटली ते विसरत नाही.

टाकळीभानच्या अलीकडची ती दुपार सगळ्यात वाईट गेली. रात्री पाऊस झालेला. सकाळी काळी माती चपलांच्या तळाला थराथरानं चिकटली, पाय तिरके पडू लागले. दुपारी ऊन निघालं आणि डांबर तापलं. ओला मोजा टाचेला धरून ठेवतो, आतलं हाड मात्र पावलागणिक सरकतं. त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात, मध्ये पाणी भरतं, की झाला फोड. म्हणून पहाटे निघतानाच टाचेला आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावायचं, मोजे दुपारी बदलायचे, नवे बूट वारीत घालायचे नाहीत. फोड लहान असेल तर फोडू नये. वाटाण्याएवढा होऊन चालणं अशक्य झालं तर साबणानं धुवायचं, सुई स्पिरिटनं पुसायची, कडेला खालच्या अंगानं टोचायचं, पाणी दाबून काढायचं आणि वरची कातडी तशीच ठेवायची. ती कातडी हीच खरी पट्टी. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आमच्याकडे अजून आहे. त्या दोऱ्यावरून घाण आत जाते. मी कुणालाही दोरा ठेवू देत नाही, मग ते कितीही रागावोत.

अनवाणी चालणाऱ्यांचं वेगळं असतं. त्यांचा फोड बहुधा तळव्यावर येतो, तिथे पट्टी टिकत नाही. दिंडीतल्या एक मावशी अनवाणीच होत्या. साठीच्या पुढच्या, बोलायला कमी. त्यांचा मुलगा आदल्या वर्षी गेला होता. सकाळी चालता चालता दिंडीतल्या एका जुन्या माणसानं त्यांना समजावलं, देवानं काहीतरी हेतूनं नेलं असेल, आपलंच काही चुकलं असेल. मावशी ‘हो’ म्हणाल्या आणि माळेचे मणी पुढे सारत राहिल्या. मला त्या माणसाचा इतका राग आला की पुढची दोन भजनं माझ्या तोंडून निघाली नाहीत.

आम्ही तेव्हा मरियेच्या सात दुःखांची माळ म्हणत होतो. प्रत्येक दुःखाला एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि सात ‘नमो मरिये’. मंदिरातल्या म्हाताऱ्या शिमोनाचं भाकीत, बाळ येशूला घेऊन मिसर देशाला पलायन, यरुशलेमेत हरवलेला बारा वर्षांचा मुलगा, क्रुसाच्या वाटेवरची भेट, क्रुसाखाली उभं राहणं, देह मांडीवर घेणं, पुरणं. चालत्या दिंडीत सातही दुःखं व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. सातांपैकी एकाही ठिकाणी मरियेला तुझंच काही चुकलं असं कुणी सांगितलेलं नाही. शिमोनही तुझ्या जिवातून तरवार जाईल असं सांगतो, दोष तिच्यावर ठेवत नाही.

पाचव्या दुःखाला मावशी खाली बसल्या. रस्त्याकडेला, खडीवरच. तळवा सोलला होता. समोरच्या उसातून एक बाई गवताचा भारा घेऊन निघाली होती. तिनं भारा टाकला, मावशींच्या काखेत हात घातला आणि आपल्या ओट्यावर नेऊन बसवलं. माझ्या पेटीत सगळं होतं, कोमट पाणी तेवढं नव्हतं. तिनं चुलीवरचं पातेलं घमेल्यात ओतलं, गार पाणी मिसळून कोपरानं पाहिलं आणि स्वतःच पाय धुवायला बसली. मावशी संकोचल्या. ती म्हणाली, “बसा गुमान. माझी सासू पंढरीला जायची. आल्यावर तिचं पाय मीच धुवायची.”

खडीचे कण निघेपर्यंत तीन वेळा पाणी बदललं. मग मी मलम लावलं, गॉझ ठेवला. तिनं घरातून उन्हात वाळवलेलं, धुवून धुवून मऊ झालेलं लुगड्याचं फडकं आणलं, चार बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडल्या. चिकटपट्टी घामानं सुटते, सुती पट्टी पावलाला धरून बसते. घोट्याभोवती दोन वेढे घेऊन वरच्या बाजूला गाठ, म्हणजे चालताना ती रुतत नाही. बांधता बांधता तिनं विचारलं, “मुलं किती तुम्हाला?”

“एक होता.”

तिचे हात थांबले. घमेलं बाजूला सारून ती मावशींच्या शेजारी ओट्यावर बसली आणि काही म्हणजे काही बोलली नाही. दिंडी पुढे गेली, मृदंग ऐकू येईनासा झाला. मला पुढच्या पायांची घाई होती, तरी उठवेना. बऱ्याच वेळानं मावशी स्वतःच मुलाबद्दल बोलू लागल्या. तो कांद्याच्या ट्रकवर होता, त्याला गुळाचा चहा आवडायचा, असंच. दोन दिवसांत त्या दिंडीत कुणाशी एवढं बोलल्या नव्हत्या.

बायबलात ईयोब नावाच्या नीतिमान माणसाची मुलंबाळं जातात. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी एक शब्द काढला नाही. तिथवर ते खरे मित्र होते. तोंड उघडलं आणि कारणं सांगू लागले, तिथून बिघडलं. शेवटच्या बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा कोप होतो तो या कारणं सांगणाऱ्यांवर. तक्रार करणारा, देवाला जाब विचारणारा ईयोब योग्य बोलला असं देव म्हणतो. जन्मांधाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं: पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? याचंही नाही, त्यांचंही नाही, असं त्यानं सांगितलं आणि तो त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांहून अधिक पापी होती का, यालाही त्याचं उत्तर ‘नाही’. आणि क्रुसावर तो स्वतः बाविसावं स्तोत्र म्हणतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आमच्या देवानंच ‘का’ असं विचारलं आहे, मग रडणाऱ्या आईला गप्प करायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? दुःखाच्या घरी गेलो की मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचतो. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळ नाही. माणूस गेल्यावर पहिल्या आठवड्यात तेच वाचावं.

मुक्कामावर आणखी एक वाक्य कानावर पडलं, नवऱ्याचा मार सोसणाऱ्या एका तरुण बाईला सांगितलेलं: हा तुझा क्रूस आहे, वाहा. याला माझा कडाडून विरोध आहे. प्रेषित पौल आपलं दुःख मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, अर्पण करतो ते स्वतः निवडून. दुसऱ्याच्या हातून चाललेला अन्याय मुकाट्यानं चालू ठेवणं म्हणजे अर्पण नव्हे. येशूला गालावर चापट बसली तेव्हा ‘मला का मारतोस?’ असं त्यानं विचारलं होतं. त्या ताईला रात्रीच दिंडीतल्या सिस्टरांशी, म्हणजे धर्मभगिनींशी, बोलायला बसवलं.

सकाळी मी आधी मधुमेहवाल्यांचे तळवे तपासतो. ते कुरकुरत नाहीत, कारण त्यांच्यातल्या अनेकांना दुखतच नाही, आणि तोच धोका. त्यांचा फोड मी कधी टोचत नाही, गाडीत बसवतो. वेल्लोरच्या ख्रिस्ती रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांचे हात असेच रोज तपासले आणि दाखवून दिलं की बोटं रोगानं सडून गळत नाहीत. वेदना कळत नसल्यानं भाजतात, कापतात, आणि जखमा तशाच वापरात राहून झिजतात. त्यांनी स्नायूबंध हलवून आखडलेली बोटं पुन्हा उघडती केली. वेदना ही देणगी आहे असं ते म्हणत. कुष्ठरोग्यांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभतं. आपण मात्र ते कण्हणाऱ्या माणसाला ऐकवू नये.

हरेगावात पोहोचलो, मिस्सा म्हणजे चर्चची मुख्य उपासना झाली, गर्दी नेहमीसारखीच. मावशी त्याच पट्टीवर आल्या.

मैदानाच्या कडेला एका जीपमध्ये एक म्हातारे बाबा झोपून होते. पोटाचं ऑपरेशन ठरलेलं. फादरांकडून आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून घेतलं का, असं विचारलं तर मुलगा घाबरला. तेल लागलं की माणूस जातो, असं घरात सगळे मानतात. ही भीती गावोगावी आहे आणि तिच्यापायी लोक फादरांना इतक्या उशिरा बोलावतात की आजाऱ्याला शुद्धच नसते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 च्या विधीपासून, हा संस्कार आजाऱ्यांचा आहे, केवळ मरणाऱ्यांचा नाही. फादर आधी न बोलता डोक्यावर हात ठेवतात, मग कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल लावतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पवित्र आठवड्यात बिशपांनी आशीर्वादित केलेलं तेल प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, असतं. मोठ्या ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच फादरांना कळवावं, आजारी माणूस स्वतः ‘आमेन’ म्हणू शकतो तेव्हाच. आजार पुन्हा बळावला तर तेल पुन्हा घेता येतं.