पंखा फिरतोय, पण दाब कुठे आहे? इलेक्ट्रिक सुपरचार्जर परत करतानाचा माझा अनुभव

पैसे शेवटी परत मिळाले. पण त्यासाठी अठरा दिवस गेले, आणि त्या अठरा दिवसांत "सर, पंखा फिरतोय ना?" हा एकच प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की आजही आठवला तरी डोकं तापतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी गाडी १२०० सीसीची, साधं पेट्रोल इंजिन, टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणारं यंत्र) नाही. चार माणसं बसली की चढावर दमते. 'बारा व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रिक सुपरचार्जर, ५ पीएसआय बूस्ट' अशी जाहिरात दिसली आणि मी मागवला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र, इथे विजेवरचा पंखा; बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, आणि पीएसआय हे दाबाचं एकक. बसवायला अर्धा तास लागला. पहिले दोन दिवस गाडी चपळ झाल्यासारखी वाटलीही. आवाज वाढतो आणि नव्या वस्तूच्या उत्साहात पायही जरा जास्तच दाबला जातो. तिसऱ्या दिवशी मोकळ्या, सपाट रस्त्यावर शेजारी मित्राला स्टॉपवॉच घेऊन बसवलं. तिसरा गिअर, २००० ते ५००० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), दोन्ही दिशांना मिळून सहा-सहा फेऱ्या. पंखा चालू असताना सरासरी १०.९ सेकंद, पंखा काढून १०.७. एवढ्या फरकावरून पंख्याने गाडी मंदावली असं मी म्हणणार नाही, पण फायदा शून्य हे नक्की.

मग परतीचा अर्ज भरला आणि तिथेच अडकलो.

अर्जात कारणं तीनच दिसत होती: वस्तू खराब आहे, चुकीची वस्तू आली, मत बदललं. मत बदललं म्हणावं तर बसवलेली वस्तू परत घेत नाहीत. म्हणून 'खराब आहे' निवडलं. त्यांनी व्हिडिओ मागितला, मी पाठवला. उत्तर आलं की व्हिडिओत पंखा व्यवस्थित फिरताना दिसतोय, तक्रार बंद. मी फोन केला. म्हटलं, अहो, फिरतोय हे मीही बघतोय, पण तुम्ही पंखा विकला नाहीत, ५ पीएसआय विकलंत. पलीकडून पुन्हा तेच, "पण सर, पंखा फिरतोय ना?"

दुसऱ्या तक्रारीत मी ओबीडी डोंगलवरचे (गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं उपकरण) आकडे जोडले. इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब त्यावर थेट दिसतो. इंजिन बंद, चावी चालू, तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब ९७ किलोपास्कल. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पंख्याशिवाय ९५, पंख्यासह ९४. ५ पीएसआय म्हणजे ३४ किलोपास्कल. खरा बूस्ट असता तर काटा बाहेरच्या दाबाच्या वर जायला हवा होता, इथे तो खालीच राहिला. उत्तर आलं, मोबाइल ॲपचे आकडे पुरावा धरत नाही, वर्कशॉपचा लेखी अहवाल द्या. वर्कशॉपवाला म्हणाला, "साहेब, आम्ही न बसवलेल्या वस्तूबद्दल लिहून कसं देऊ?" त्याचंही बरोबरच होतं. यात पाच दिवस गेले आणि परतीची मुदत संपत आली.

त्या रात्री मला पाण्याची नळी सुचली. पारदर्शक नळी घेतली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर चिकटवली, मध्ये पट्टी लावली, शाई घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं. पंख्याचं हवा बाहेर टाकणारं तोंड जाड पुठ्ठ्याने आणि टेपने बंद केलं, त्याला एकच भोक पाडून नळीचं टोक त्यात बसवलं. पंखा थेट बॅटरीला जोडला. तो जीव तोडून किंचाळू लागला आणि पाणी एका बाजूला २ सेंटीमीटर खाली, दुसऱ्या बाजूला २ सेंटीमीटर वर जाऊन थांबलं. एकूण फरक ४ सेंटीमीटर. ५ पीएसआयला हाच फरक साडेतीन मीटर हवा, म्हणजे पाणी खोलीच्या छताला टेकलं असतं. माझ्या पंख्याचा दाब ०.०६ पीएसआयही भरत नव्हता, आणि तोही तोंड बंद असताना. इंजिन हवा ओढू लागलं की तोही राहत नाही.

का, ते साध्या हिशोबात कळतं. पंख्याच्या पाठीवरच १२ व्होल्ट, ५ अँपिअर छापलंय, म्हणजे ६० वॅट. माझं इंजिन ६००० आरपीएमला दर सेकंदाला जवळपास ५० लिटर हवा गिळतं. एवढी हवा ५ पीएसआयने दाबायची तर तीन-साडेतीन किलोवॅट लागतात. बारा व्होल्टवर ते अडीचशे-तीनशे अँपिअर होतात. लहान गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीज बनवणारा जनित्र, एकूण देतो एखादा किलोवॅट. पंखा पुरवतो त्याहून जास्त हवा इंजिन ओढायला लागलं की तो वाटेतला अडथळा बनतो. म्हणून विकत घेण्याआधी व्होल्ट गुणिले अँपिअर करा. हा गुणाकार मी आधी केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

इलेक्ट्रिक सुपरचार्जर ही कल्पना खोटी नाही, हेही सांगायला हवं. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ मध्ये कारखान्यातूनच विजेवर फिरणारा कंप्रेसर आला. त्याला वेगळी ४८ व्होल्टची यंत्रणा, ७ किलोवॅटपर्यंत ताकद, आणि पाव सेकंदात ७०,००० आरपीएमपर्यंतचा वेग. एवढं असूनही तो सतत चालत नाही. कमी आरपीएमला टर्बोला पुरेसा एक्झॉस्ट मिळत नाही, तेवढी पोकळी भरून बाजूला होतो. सात हजार वॅट आणि साठ वॅट यांना एकच नाव देऊन विकलं जातं, राग त्याचा आहे.

तर, तिसरी तक्रार. या वेळी अर्ज नीट चाळला. 'चुकीची वस्तू आली' यावर बोट ठेवल्यावर आत आणखी एक पर्याय उघडतो, 'वर्णनाशी जुळत नाही'. तो आधी दिसला असता तर अर्धे दिवस वाचले असते. पाण्याच्या नळीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, त्यांच्याच जाहिरातीचा फोटो, पंख्यावरच्या छापील लेबलाचा फोटो, आणि तीन ओळी: "पंखा फिरतो, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही ५ पीएसआय लिहिलंत. व्हिडिओत ०.०६ सुद्धा नाही." दोन दिवसांनी परतीची मंजुरी आली. तो मेसेज मी दोनदा वाचला, आणि खरं सांगतो, पैशांपेक्षा त्या नळीचा जास्त अभिमान वाटला.

जाहिरातीचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. माझी मंजुरी आल्यावर आठवड्याभरात तिथला '५ पीएसआय' हा मजकूर गायब झाला होता. खोका आणि क्लिपा टाकू नका. मूळ इनटेकचा होज (इंजिनात हवा नेणारी नळी) कापू नका, मी कापला नव्हता म्हणूनच गाडी तासाभरात पूर्ववत झाली. आणि लावून बघायचाच असेल तर एअर फिल्टरच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला लावा. फिल्टर आणि थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या मधे लावला आणि प्लास्टिकचं पातं तुटलं, तर तो तुकडा थेट इंजिनात जाईल.

पंखा काढल्यावर त्याची वायरही काढा. माझी बॅटरीला लावलेली वायर आठवडाभर तशीच लोंबत होती, फ्यूजशिवाय. परवा बॉनेट उघडलं तेव्हा दिसली, तिथल्या तिथे काढून टाकली.