निफाडची थंडी सोडून मालवणात सव्वा महिना

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटायला लागतात, आणि त्याच सुमाराला माझे गुडघेही पेटतात. दरवर्षी हे म्हणायचे की रिटायर झालो की थंडीत कुठंतरी गरम ठिकाणी जाऊन राहू, आणि दरवर्षी काहीतरी निघायचं, कधी कुणाचं लग्न, कधी कुणाचं बाळंतपण. यंदा ठरवून टाकलं. मी पोस्टातून आणि हे एसटीच्या वर्कशॉपमधून, दोघंही रिकामे, मुलं आपापल्या जागी, म्हटलं आता कुणाची वाट बघायची. 2 जानेवारीला निघालो आणि सव्वा महिन्यानं परत आलो. नात्यातले आणि कॉलनीतले इतकेजण विचारतायत की कसं केलं, किती लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मालवणच का? गोव्याचा विचार झाला होता, पण आम्हाला महिनाभर स्वयंपाक करून राहायचं होतं, बाजारात जाऊन घासाघीस करायची होती, डॉक्टरांशी मराठीत बोलायचं होतं. आणि दुसरं कारण म्हणजे तिकीट. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि ह्यांची पासष्टी झालेली म्हणून ह्यांनाही अर्धं, म्हणजे दोघांत मिळून एक. पंचाहत्तरी पुढच्यांना तर फुकट आहे. फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंदच आहे, पण बुकिंग करताना सिनियर सिटिझन कोटा टाकला तर लोअर बर्थ मिळायचा चान्स बराच वाढतो, ते विसरू नका. आम्ही नाशिकहून ठाण्याला भाचीकडे एक दिवस थांबलो आणि रात्री कोकणकन्या पकडली. सकाळी कुडाळला उतरलो. मालवणला स्टेशन नाही, कुडाळहून साधारण तीस किलोमीटर. कणकवलीलाही उतरता येतं पण ते जरा लांब पडतं.

आता मुख्य चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. फोटो बघून आम्ही देवबागला घर घेतलं होतं. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी, टोकाला संगम. दिसायला असं की बोलायची सोय नाही. दोन दिवस आम्ही नुसते खुर्च्या टाकून बसलो. तिसऱ्या दिवशी मी डाळ लावली. सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ दाणादाणा वेगळी. आणखी चार दिल्या, तरी तीच गत. मग चहा केला तर चहाला एक खारट चव. पाणी मचूळ होतं, समुद्राच्या इतक्या जवळच्या विहिरीला ते व्हायचंच, पण घरवाल्यानं आधी सांगायला नको का? विचारलं तर म्हणे गेस्ट लोक बिसलेरीच पितात. अहो, पण डाळ पण बिसलेरीत शिजवायची का? मालवणचा बाजार दहा-बारा किलोमीटरवर, आणि शनिवार-रविवारी पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या भरभरून आल्या की रात्री एकपर्यंत गाणी. दोन दिवसांसाठी येणाऱ्यांना ती जागा ठीक आहे, महिनाभरासाठी नाही.

आठव्या दिवशी आम्ही मालवण गावात धुरीवाड्याला एका कौलारू घराचा मागचा भाग घेतला. समुद्र दिसत नाही, पण चिवला बीच चालत सात-आठ मिनिटांवर, बाजार जवळ, स्टँडला रिक्षा लगेच मिळते. भाडं महिन्याचे 15,000, लाईट बिल वेगळं. देवबागचे उरलेले पैसे परत मिळाले नाहीत ते मिळालेच नाहीत, म्हणून सांगते की महिन्याचा ॲडव्हान्स एकदम देऊ नका, आधी चार दिवसांचं घ्या, स्वतः एकदा चहा करा, डाळ शिजवून बघा, आणि मगच पुढचं बोला. संडास कमोडचा आहे का हे पण फोनवरच विचारा, लाजू नका, या वयात ते समुद्राच्या व्ह्यूपेक्षा महत्त्वाचं.

नवीन घरच्या मालकीणबाई, त्यांना आम्ही काकीच म्हणायचो, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. पहिल्याच दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बघून गेल्या की ही घाटावरची बाई माशाचं काय करते. मी बांगडे आणले होते आणि आपल्या पद्धतीनं आलं-लसूण वाटत होते. काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि मूठभर काळपट वाळलेली फळं घेऊन आल्या. तिरफळं. म्हणाल्या, "एक चावून बघा." चावलं, आणि दोन मिनिटांत जीभ अशी बधिर झाली की डेंटिस्टनं इंजेक्शन दिल्यासारखी! त्या हसून हसून खालीच बसल्या. मग शिकवलं, आतली काळी बी काढून टाकायची, टरफल तेवढं ठेचून घालायचं, खाताना बाजूला काढायचं, आणि बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, हे नसेल तर ते तिखलं नाहीच. आता माझ्याकडे अर्धा किलो आहे, कुणाला हवं तर सांगा.

माशांचं थोडं अजून सांगते कारण त्यातच आमचा निम्मा दिवस जायचा. संध्याकाळी जेट्टीजवळ किनाऱ्यावर लिलाव होतो, ट्रॉलर येतात, टोपल्याच्या टोपल्या वाळूवर. तो बघायला जरूर जा, पण तिथं आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकानं बोली लावायची नसते, सगळा लॉटचा मामला. लिलावात माल घेतलेल्या बायका बाजूलाच बसतात, त्यांच्याकडून घ्या. कल्ले लाल हवेत, पोट दाबलं तर घट्ट लागलं पाहिजे. सुरमई-पापलेटच्या मागं पडू नका, ती हॉटेलवाल्यांसाठी सोडा. तारली, पेडवे, सौंदाळे स्वस्त आणि चवीला एक नंबर. ह्यांना काट्यांची भीती होती ती पंधरा दिवसांत गेली. जे मासे खात नाहीत त्यांनीही घाबरू नये, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या खाऊन बघा, वर सोलकढी. जानेवारीच्या शेवटी शेवटी ओले काजूगर पण यायला लागतात, महाग असतात पण एकदा उसळ करायचीच.

चिवल्यावर एका सकाळी रापण बघितली. होडीतून जाळं अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्या ओढत बसतात. ओढत म्हणजे पाठीमागं चालत, कमरेला वाक देऊन, टाचा वाळूत रुतवून, आणि दोन टोळ्या हळूहळू एकमेकांकडे सरकत येतात. तास-दीड तास हेच. आम्ही कडेला उभे होतो तर एक म्हातारा ह्यांना म्हणाला, "काका, नुसते बघतास काय, लावा हात!" आणि आमचे हे, ज्यांना डॉक्टरनं पाच किलोच्या वर उचलू नका म्हणून सांगितलंय, पँट गुडघ्यापर्यंत वर करून दोराला! मी ओरडतेय, ऐकतंय कोण. शेवटी जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं, सगळी चंदेरी फडफड, वर घारी फिरतायत, कुत्री पुढं पुढं. वाटण्या झाल्या तेव्हा त्या म्हाताऱ्यानं दहा-बारा तारल्या ह्यांच्या टोपीत टाकल्या, "ह्यो घेवा तुमचो वाटो." चौतीस वर्षं नोकरी केली पण पगार घेऊन इतके खूष होऊन घरी आलेले मी ह्यांना पाहिलं नव्हतं. टोपी मात्र टाकून द्यावी लागली.

सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना सकाळी लवकर जा. दुपारनंतर वारा सुटतो आणि होडीत चढताना-उतरताना गुडघेवाल्यांची पंचाईत होते, मला दोघांनी धरून उतरवलं. कुरटे बेटावर 1664 मधे काम सुरू झालं आणि 1667 मधे पुरं झालं, पायात शिसं ओतलंय, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. पण मला सगळ्यात नवल वाटलं ते दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! देवबागच्या डाळीनंतर मला त्याची किंमत जास्तच कळली. आत अजून काही कुटुंबं राहतात, त्यांच्याकडे कोकम सरबत प्या. होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात, ती कमी पडते, निघतानाच बोलून घ्या. तटावरून सगळा फेरा मारायच्या फंदात पडू नका, कठडा नाही आणि पायऱ्या उंच आहेत. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथं झाली म्हणतात, तिथं कुणी फारसं जात नाही, संध्याकाळी बसायला छान.

बाकी एसटीनं आणि कधी दिवसभराची रिक्षा ठरवून फिरलो. धामापूरचा तलाव 1530 सालचा, काठावर भगवतीचं देऊळ, तिथं डबा घेऊन जा. पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे, आणि कळसूत्री बाहुल्या, परशुराम गंगावणे यांना 2021 ला पद्मश्री मिळाली ते इथलेच, घरच्या गोठ्यातच म्युझियम केलंय. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी फळं घेतली, नातवानं आल्या आल्या त्यातलं केळं चावून बघितलं. रेडीचा गणपती, शिरोड्याचा समुद्र एका दिवसात केलं आणि फार दमलो, ते दोन दिवसांत करा. तारकर्लीला स्कूबा आमच्यासाठी नव्हतंच, तरी तीन पोरं मागं लागली होती की आजी चला काही होत नाही. आणि संगमाजवळ ओहोटीला पाण्यात उतरू नका, वरून शांत दिसतं पण ओढ भयंकर असते, स्थानिक लोक सांगतात ते ऐका.

दशावतार मात्र चुकवू नका. आम्ही काकींबरोबर एका छोट्या गावच्या जत्रेला गेलो. नाटक सुरू व्हायलाच बारा वाजले. स्टेजवर एक बाकडं, तेच सिंहासन तेच रथ, बाजूला पेटी आणि मृदंग, बस. लिहिलेले संवाद नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं जागच्या जागी. राणीचं काम करणारा पुरुष इतका सुंदर रडत होता की मी रडले, आणि मध्यंतरात तोच राणी साडी खोचून बिडी ओढताना दिसला. आम्ही पहाटेपर्यंत होतो. बरोबर सतरंजी, शाल आणि कानटोपी न्या, पहाटे चांगलं दंव पडतं. एरवी थंडी नावालाच, रात्री पातळ चादर पुरते आणि दुपारी तर पंखा लागतो. फेब्रुवारी-मार्चमधे आंगणेवाडीची जत्रा असते, तिची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, कॅलेंडरात आधी सापडत नाही, त्या दिवसांत आसपास खोली मिळणं मुश्कील, तेव्हा जायच्या आधी तेवढं विचारून घ्या.

औषधांचं सांगायचं राहिलं. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या मी महिन्याच्याच नेल्या होत्या, शेवटच्या आठवड्यात संपल्या आणि आमच्या डॉक्टरांचा ब्रँड तिथं नव्हता. आतल्या औषधाचं नाव माहीत असतं तर पाच मिनिटांचं काम होतं, आम्ही निफाडला फोन लावत बसलो. चिठ्ठीवर ते नाव लिहून घ्या आणि पंधरा दिवसांच्या जास्त गोळ्या ठेवा. मोठं दुखणं निघालं तर ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आणि तिथले बरेच लोक गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जातात.

परत येताना मांडवी घेतली, दिवसाची गाडी आहे, खाणं एकामागून एक येत राहतं. पिशवीत कोकमं, तिरफळं, खाजा, सुका बांगडा (तीन प्लास्टिकमधे गुंडाळून सुद्धा ठाण्यापर्यंत डब्यातल्या सगळ्यांना कळलं). निफाडला उतरलो त्या पहाटे पुन्हा तीच थंडी, आणि गुडघे दोन दिवसांत होते तिथं.

पुढच्या वर्षी डिसेंबरातच जायचं ठरलंय. काकींना ॲडव्हान्स देऊ केला तर घेतला नाही, म्हणाल्या, "पैशे नको, येताना लासलगावचे कांदे हाडा, थयसून."