पावसाळी काम: टी कोरोनाच्या फ्रेम आता तीन गावांत

मृगाच्या सरी सुरू झाल्या आणि दुर्बीण झाकून ठेवली. आता दोन-तीन महिने पुण्यातून मोजणी होत नाही, म्हणून वर्षभर रेंगाळलेलं काम हाती घेतलं: टी कोरोना बोरिॲलिस या ताऱ्याच्या कच्च्या फ्रेम, म्हणजे तेज मोजण्यासाठी दुर्बिणीतून टिपलेले मूळ फोटो, नीट सांभाळून ठेवायच्या.

हा तारा 1866 आणि 1946 मध्ये उफाळला होता. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. हा एरवी दहाव्या प्रतीचा, उफाळला की दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो. पुढच्या स्फोटाआधीची प्रत्येक रात्र म्हणूनच मोलाची. गेल्या वर्षी एक डिस्क बसली आणि मार्चमधल्या चार रात्री गेल्या. आकडे वहीत आहेत, पण कुणी शंका काढली तर पुन्हा मोजून दाखवायला फ्रेम नाहीत. ते अजून सलतं.

माझा कॅमेरा 4656 × 3520 पिक्सेलचा, 16 बिट. म्हणजे एक फ्रेम 33 एमबी, आणि 200 फ्रेमची रात्र साडेसहा जीबी. तीन पूर्ण प्रती ठेवायच्या तर तिप्पट जागा लागते. त्याऐवजी टाहो-लॅफ्स नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ते फाईल आधी एनक्रिप्ट करतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करतं, मग तिचे तुकडे वेगवेगळ्या मशीनवर ठेवतं. पुण्यात माझ्याकडे, साताऱ्याला धाकट्या भावाकडे आणि नाशिकला मित्राकडे असे तीन जुने पीसी आहेत.

पहिल्याच दिवशी अपलोड नाकारला गेला. मुळातलं सेटिंग दहा तुकड्यांचं असतं, त्यातले कोणतेही तीन फाईल परत जुळवायला पुरतात. पण ते निदान सात सर्व्हरवर, म्हणजे तुकडे ठेवणाऱ्या मशीनवर, पसरावे लागतात. माझ्याकडे तीनच. मग एकूण तीन तुकडे, त्यातले दोन पुरेसे, असं बदललं. आता जागा दीडपटच लागते. तिन्ही सर्व्हर चालू असल्याशिवाय अपलोड होऊ द्यायचा नाही, हे मात्र मुद्दाम ठेवलं. अर्धवट पसरलेल्या फाईलपेक्षा एक दिवस थांबणं बरं.

कुठली फ्रेम कुठे आहे हा हिशेब गिट-ॲनेक्स हे दुसरं सॉफ्टवेअर ठेवतं. प्रत्येक फाईल तिच्या शा-256 ठशावरून, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यावरून, ओळखली जाते, त्यामुळे फोल्डर हलवले, नावं बदलली तरी घोळ होत नाही. एक लक्षात ठेवा: टाहोवर गेलेली फाईल गिट-ॲनेक्सला तिथून पुसता येत नाही. म्हणून ढगाळ फ्रेम आधीच निवडून बाजूला काढतो.

परवा रात्री भावाचा फोन आला, "दादा, लाइट गेलीये, तुझं मशीन बंद पडलंय." लगेच एप्रिलमधली एक फ्रेम मागवली. पुणे आणि नाशिकच्या तुकड्यांतून ती जुळून आली, ठसाही अक्षरन् अक्षर तोच. मग त्या रात्रीच्या सगळ्याच फ्रेम मागवल्या आणि एकेक तपासत बसलो.

फाईल उघडायच्या किल्ल्या हरवल्या तर तुकडे असून उपयोग नाही. त्या कागदावर छापून एक पाकीट माझ्या कपाटात आणि एक साताऱ्याला आईच्या ट्रंकेत ठेवलंय.

डार्क आणि फ्लॅट फ्रेम, म्हणजे कॅमेरा-दुर्बिणीचे दोष वजा करायला घेतलेले फोटो, चढवायच्या राहिल्यात. त्या या आठवड्यात घेतो.