आमची वाटचाल : वैनगंगेकाठचं फायबरचं शेड आणि आतून सडलेल्या बोटी

पवनीच्या अलीकडे आमचं शेड आहे. सुरुवात कूलरच्या टाक्यांपासून झाली. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, कूलर घरोघरी, आणि पत्र्याची टाकी आपल्या पाण्यानं बघता बघता गंजते. फायबरची टाकी गंजत नाही, म्हणून धंदा चालला. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली, पण पाणी साठायला त्यानंतर दोन दशकं लागली. पाणी पसरलं तशा लाकडी डोंग्यांच्या शेजारी फायबरच्या मोटारबोटी दिसू लागल्या. रेझिन आणि मॅटचं, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचं, काम हाताला माहीत होतं, त्यामुळे बोटींची डागडुजी आपसूक आमच्याकडे आली. मधली वर्षं बरी गेली. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

लिहायचं आहे ते त्या एका ठेक्याबद्दल.

एका सरकारी खात्याच्या बोटींच्या सीट आम्ही बसवून दिल्या होत्या, एवढंच काम. सीटच्या बाजूला आमच्या शेडचं नाव रंगवलं होतं. पुढच्या वर्षी त्याच बोटींच्या बुडाच्या दुरुस्तीचं टेंडर निघालं. मी बोटी ठोकून पाहिल्या होत्या. फ्लोअर पायाखाली दबत होता, ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची उभी भिंत, भद्द वाजत होता. मी आतलं सगळं उघडण्याचा दर भरला. शहरातल्या एका ठेकेदारानं माझ्या निम्म्याच्या आसपास दर भरला आणि काम घेऊन गेला. कुजक्या प्लायवर नवा प्लाय खिळ्यांनी ठोकला, वर मॅटचा एक थर, त्यावर जेलकोटचा चकचकीत रंगीत थर. बोटी नव्यासारख्या दिसत होत्या. बिल लगेच निघालं.

एक पावसाळा गेला आणि त्यातल्या एका बोटीचा ट्रान्सम भर पाण्यात फाटला. इंजिन केबलवर लोंबकळत राहिलं. माणसं वाचली, देवाची कृपा. चौकशीला आलेल्या साहेबांनी बोटीवर नाव पाहिलं, ते आमचं. ठेकेदाराचं नाव कुठेच नव्हतं. पत्र आम्हाला आलं, सीटचं राहिलेलं बिल अडकलं, आणि तालुक्यात बोभाटा झाला की यांच्या बोटी फाटतात. टाक्यांची गिऱ्हाइकंही फिरली. रेझिनचा नागपूरचा व्यापारी उधार बंद करून रोख मागू लागला. दोन हुशार पोरं बुटीबोरीला कंपनीत लागली. पहिल्या दिवसापासून सोबत असलेला माझा आतेभाऊ, ज्याच्या हाताखालून मॅटमध्ये हवेचा एक बुडबुडा सुटत नसे, तोही शेती पाहतो म्हणून गावी गेला. त्याला मी दोष देत नाही. शेडचं भाडं थकलं होतं.

फाटलेल्या बोटीचा तुकडा मी कापून आणला होता. खाली जुना प्लाय, काळा, बोटानं कुस्करला की चहाच्या चोथ्यासारखा. वर नवा प्लाय, त्यात गंजलेले खिळे. वर मॅट, जी कुठे चिकटलेलीच नव्हती, नख घातलं की सालीसारखी निघत होती. तो तुकडा घेऊन मी त्या कार्यालयात गेलो, टेबलावर ठेवला. साहेबांनी पाहिलाही नाही. त्याचा राग अजून आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

त्या काळात मामा आले. मामा म्हणजे मच्छीमार संस्थेतले, ढिवर समाजातले जुने जाणते. आमच्या शेडमध्ये सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांची सोळा फुटी बोट, २५ हॉर्सपॉवरचं इंजिन. मी म्हटलं, मामा, लोक काय बोलतात ते ऐकलं असेल ना? ते म्हणाले, "आयकलं बापा. पन पान्यात तं मले जाचं हाये, लोकायले नाई. तू उघडून पाह्य आन् काय हाये ते सांग." अर्धे पैसे त्यांनी रोख ठेवले. त्यांच्यामागे संस्थेतली माणसं एकेक करून आली. आज शेड उभं आहे ते त्या एका बोटीमुळे.

त्या बोटीचं काम नीट सांगतो, कारण असं काम आता कमी ठिकाणी होतं.

इंजिन उतरवून बोट लाकडी घोड्यांवर ठेवली, बूड सगळीकडून टेकेल अशी. हे आधी करायचं. आतले स्ट्रिंगर, म्हणजे बुडाला आधार देणाऱ्या लांब लाकडी पट्ट्या, काढले की रिकामं बूड आपल्या वजनानं बसतं आणि तसंच वाकडं राहतं. मग फ्लोअर कापला, कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी ठेवून, म्हणजे नवा फ्लोअर टेकवायला जागा राहते. खालचा फोम पाणी पिऊन शिळेसारखा जड झाला होता. मामा म्हणत होते बोट जड चालते, इंधन जास्त खाते. कारण समोर पडलं होतं.

स्ट्रिंगरची काचेची साल शाबूत होती, आतलं लाकूड नव्हतं. सीटचे स्क्रू मारताना कुणी भोकं उघडी ठेवली, तिथून पाणी शिरलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. एका वेळी एकाच बाजूचा स्ट्रिंगर काढला, त्या जागी नवा बसल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावला नाही. पुठ्ठ्याचे साचे कापून बुडाचा उतार घेतला. नवं लाकूड थेट बुडावर टेकवायचं नसतं, खाली पुट्टीची गादी द्यायची, नाहीतर त्या रेषेवर बूड चिरतं. कोपऱ्यात पुट्टीची गोलाई, कारण मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. ग्राइंडरला ३६ नंबरचा कागद लावून जुनं लॅमिनेट, म्हणजे फायबरचा जुना थर, पांढरं होईपर्यंत घासलं, ॲसिटोननं पुसलं, मग ४५० ग्रॅमची मॅट, वर रोविंग, म्हणजे विणलेलं काचेचं जाड कापड, पुन्हा मॅट. ठेकेदारानं वाचवलं ते हेच घासणं. घासण्यात दिवस जातो, धूळ अंगात रुतते, आणि नंतर ते कुणाला दिसत नाही.

ट्रान्सम आतून उघडला, बाहेरची साल राखून. कुजलेलं लाकूड पटाशीनं काढलं. १८ मिलिमीटरचे दोन प्लाय, मध्ये ओली मॅट, आणि क्लॅम्प इतके आवळले की कडेनं सगळीकडून रेझिन बाहेर आलं. प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लाय, घ्यावा, शिक्का स्वतः पाहून. दुकानदार आयएस ३०३ चा, म्हणजे साध्या वापराचा, दाखवून 'वॉटरप्रूफच आहे' म्हणतो, ऐकू नये. इंजिनच्या बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीनं भरली, सुकल्यावर त्यातूनच पुन्हा पाडली. आता पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

नव्या पोरांना दोन गोष्टी सांगून ठेवतो, विचारलं नसलं तरी. रेझिन धरावं म्हणून घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर शेवटी. आणि मे महिन्यात दुपारी बारानंतर रेझिनचं काम करू नका, हातातल्या डब्यातच रेझिन धरतं. हार्डनर कमी करून वेळ वाढवतो म्हणणारे असतात, पण एक टक्क्याच्या खाली गेलात तर रेझिन वरून कडक दिसतं आणि आतून कच्चं राहतं. त्यापेक्षा पहाटे उठा. ज्यांच्याकडे बोट आहे त्यांनी उभी करताना नाक वर ठेवून मागचं बूच काढून ठेवावं. एवढं केलं असतं तर माझ्याकडे येणाऱ्या बोटींपैकी बऱ्याच आल्या नसत्या, आणि मला त्याचं वाईट वाटलं नसतं.

मामांची बोट त्याच ट्रान्समवर अजून चालते आहे. आतेभाऊ परत आला, उन्हाळाभर कामावर असतो, धानाच्या वेळी शेतीवर. त्या खात्यानं आमच्यावरचा ठपका कागदावरून काढला की नाही, ते लेखी मला आजवर मिळालेलं नाही. अर्ज दर वर्षी देतो. त्याच टेंडरमधल्या उरलेल्या दोन बोटी गेल्या हिवाळ्यात आमच्याच शेडमध्ये आल्या. दोन्हींत तोच प्लाय, तेच खिळे. या वेळी उघडण्यापासून प्रत्येक थराचे फोटो काढून बिलाला जोडले, आणि नाव आतून, नव्या स्ट्रिंगरवर लिहिलं.

पावसाळ्यात आम्ही लॅमिनेशन घेत नाही, हवेतली ओल मॅटमध्ये बसते. बोट आणायची तर दिवाळीनंतर आणावी, इंजिन आणि बॅटरी उतरवून. दर फोनवर विचारू नये. ट्रान्समच्या तळाशी पाच मिलिमीटरचं भोक पाडून भुसा कोरडा येतो की काळा, ते तुमच्यासमोर पाहतो, आणि मग आकडा सांगतो.